पिनकोडचे झाड



15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते, आणि संस्कृतचे कवीही. संस्कृत घेऊन पुढे काय, असे विचारणाऱ्यांना हे नाव जरूर सांगावे.

अडचण रोजची होती. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत. नुसती पिंपळगावे महाराष्ट्रात किती! वेलणकरांच्या रचनेत पहिला अंक विभाग ठरवतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा. 422 म्हणजे नाशिक. उरलेले तीन अंक पोस्ट ऑफिसचे. टपाल वेगळे करणाऱ्याला देशाचा नकाशा पाठ नको, एका टप्प्यावर एक अंक पाहिला की पुरे.

1980 साली लिंडे, बुझो आणि ग्रे यांनी आवाज व चित्रे थोडक्या जागेत बसवण्याची एक रीत मांडली. तुकड्याऐवजी वहीतल्या सर्वांत जवळच्या नमुन्याचा फक्त क्रमांक पाठवायचा. हेच वेक्टर क्वांटायझेशन. पण वहीत 1024 नमुने असतील, तर प्रत्येक तुकड्यामागे 1024 तुलना! त्याच वर्षी बुझो, ग्रे आणि सहकाऱ्यांनी वही झाडासारखी मांडून दाखवली. प्रत्येक फाट्यावर दोनच नमुने, असे 10 फाटे, म्हणून 20 तुलनांत काम. साठवायला जागा मात्र जवळजवळ दुप्पट लागते.

खरी किंमत वेगळीच. एकदा फांदी धरली की मागे फिरता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात पाहा: निफाड 422303, येवला 423401. शेजारचे तालुके, पण तिसऱ्या अंकालाच ताटातूट. सीमेवरच्या तुकड्याचेही असेच होते; त्याला जास्त जुळणारा नमुना पलीकडच्या फांदीवर राहून जातो.

1989 मध्ये चाऊ, लुकाबॉ आणि ग्रे यांनी आधी झाड भरपूर वाढवून मग कमी उपयोगाच्या फांद्या कापण्याची पद्धत दिली. आपल्या द्राक्षबागायतदारांना छाटणी वेगळी समजावायला नको. पिनकोडची अशी छाटणी झालेली नाही. सहा अंकांत 10 लाख क्रमांक बसतात, वापरात 19 हजारांच्या आसपास. तरी माझ्या मते वेलणकरांचेच बरोबर होते. हाताने लिहायचा आकडा सगळीकडे सारख्या लांबीचा हवा, म्हणजे एखादा अंक गळाला तर लगेच कळते.

अंक चुकला तर मात्र कुठला चुकला, याला महत्त्व आहे. 422001 चा शेवटचा अंक 2 झाला तर पत्र नाशिकमध्येच फिरेल. पहिल्या 4 चा 5 झाला, तर ते आंध्रात गुंटूरकडे निघाले म्हणून समजा.