‘संपूर्ण विद्यार्थी’ आणि त्याची भाषा

‘सर्वांगीण विकास’ हा शब्दप्रयोग आज इतका झिजला आहे की, कोणत्याही शाळेच्या माहितीपुस्तिकेत तो आढळला नाही तरच आश्चर्य वाटावे. तथापि झिजलेल्या नाण्यावरही कधीकाळी मुद्रा असते, आणि ती कोणत्या टांकसाळीत उमटली हे शोधणे निरर्थक नसते. मुंबईच्या उपनगरांत, वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचे नव्हे तर देह, मन आणि आत्मा यांचेही शिक्षण करण्याचा दावा कॅथलिक शाळांनी दीर्घकाळ आणि सातत्याने केला. आम्ही मराठीचे अध्यापक. या शाळांतून बाहेर पडलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे आमच्यासमोर येऊन बसतात. त्यांचा आत्मविश्वास, शिस्त, रंगमंचावरील सहजता आम्ही पाहतो. आणि मराठीचा उतारा वाचताना त्यांची होणारी अडखळही पाहतो. या दोन्ही गोष्टींचा इतिहास एकच आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये, निर्यातीच्या कारखान्यांच्या गर्दीत, एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. संत जॉन बाप्टिस्ट यांच्या नावाचे हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले आणि साथीच्या रोगामुळे १८४० च्या सुमारास ते सोडून देण्यात आले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरही असेच अवशेष दिसतात. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संन्याशांनी तेथे मठ उभारला, खालच्या शिवलेण्याचे चर्च केले आणि धर्मांतरितांच्या मुलांसाठी विद्यालय चालवले. म्हणजे ज्या भूमीला आपण आज ‘उपनगर’ म्हणतो, त्या साष्टी बेटावर ख्रिस्ती शिक्षणाची पहिली पेरणी सत्तेच्या छायेत झाली, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. लेण्यातील मूर्तींनी ती आपल्या परीने नोंदवून ठेवलेलीच आहे.

परंतु त्याच १५७९ या वर्षी गोव्याच्या किनाऱ्यावर एक इंग्रज जेझुइट उतरला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र आपली साष्टी नव्हे, गोव्यातील सासष्टी. पण ज्या संघाने अंधेरीत चर्च बांधले त्याच संघाचे ते सदस्य. नवख्रिस्ती लोकांनी आपली पुराणे सोडली होती. त्यांच्या कानांना मात्र पुराणश्रवणाची सवय होती. ही उणीव स्टीफन्स यांनी ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. या ग्रंथाची वाङ्मयीन चर्चा आपल्या अभ्यासक्रमात होते. शैक्षणिक चर्चा होत नाही. ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत, त्याच्या छंदात, त्याच्या उपमासृष्टीत शिरल्याशिवाय शिकवणे पूर्ण होत नाही, हे तत्त्व त्या रचनेच्या मुळाशी आहे. पुढे ‘संपूर्ण विद्यार्थी’ म्हणून जे सांगितले गेले, त्याचे मराठीतील पहिले प्रात्यक्षिक आम्हांला येथे दिसते. ते फार काळ टिकले नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. १७३९ मध्ये वसई पडली आणि आपल्या साष्टीतील पोर्तुगीज अंमलही संपला. १७७३ मध्ये खुद्द जेझुइट संघच पोपने विसर्जित केला. १८१४ मध्ये तो पुन्हा स्थापन झाला, तोवर मुंबईत इंग्रजांचे राज्य होते आणि ज्ञानाची भाषा बदललेली होती.

आता ‘संपूर्ण’ या विशेषणाकडे वळू. जेझुइटांची शिक्षणसंहिता, ‘रॅशिओ स्टुडिओरम’, १५९९ ची. तिच्यात पाठांतर, उजळणी, वादसभा आणि नाटक यांना पद्धतशीर स्थान आहे; विद्यार्थ्याने ऐकायचे नव्हे, करायचे, असा तिचा रोख. ‘कुरा पर्सोनालिस’, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची व्यक्ती म्हणून काळजी, हा आज या शाळांत आदराने उच्चारला जाणारा शब्दप्रयोग मात्र वाटतो तितका जुना नाही. तो संघाचे प्रमुख लेदोखोव्स्की यांच्या १९३४ च्या पत्रातून रूढ झाला. जॉन बॉस्को यांच्या सालेशियन परंपरेने वेगळ्या वाटेने तेच सांगितले. शिक्षा करून सुधारण्यापेक्षा सतत सोबत राहून चूक होऊच न देणे, हे त्यांच्या ‘प्रतिबंधक पद्धती’चे सार, विवेक, धर्म आणि स्नेह हे तिचे तीन आधार. शिक्षकाने मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांमध्ये असावे, हा त्यातून निघालेला साधा पण दूरगामी नियम.

परंतु उपनगरांच्या संदर्भात आम्हांला याहून महत्त्वाचे वाटते ते एक वेगळेच मूळ. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा, जी पुढे हॉकीसाठी नावाजली गेली, ती १८६३ मध्ये सुरू झाली ती अनाथ मुलांचा आश्रम म्हणून. बोरिवलीला माउंट पोयसरवर ब्रदर पाउलस मॉरिट्झ यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या फ्रान्सिस्कन ब्रदरांच्या संघाने अनाथ मुलांचे संगोपन आणि शिक्षण एकत्रच चालवले. अनाथाश्रमात शिक्षण ‘अर्धे’ असूच शकत नाही. ज्या मुलाला घर नाही त्याचे जेवण, अंथरूण, आजारपण, प्रार्थना, खेळ आणि पुढे पोट भरण्याचे कौशल्य, हे सर्व शाळेवरच येऊन पडते. आमचे मत असे की, येथील ‘संपूर्ण विद्यार्थी’ ही संकल्पना तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून जितकी आली, तितकीच किंवा त्याहून अधिक या निरुपायातून आली. विसाव्या शतकात उपनगरे वाढली, लोकलने ये-जा करणारा मध्यमवर्ग येथे वसला, आणि ज्यांना घर होते अशी मुले शाळेत येऊ लागली. तरीही आश्रमाची ती घडण शाळेच्या अंगात राहिली. एकाच आवारात चर्च, शाळा आणि मैदान. शाळेत चार रंगांची हाउसे, गायनवृंद, वक्तृत्व, वार्षिक स्नेहसंमेलन. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की उरलेल्यांसाठी ‘मॉरल सायन्स’. महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षणाचा तास १९९७ मध्ये आला. या शाळांच्या वेळापत्रकात त्याची जागा कधीचीच राखलेली होती.

आणि भाषा? येथे कथा गुंतागुंतीची होते. आंबोली, मरोळ, चकाला, कोंडिविटे, एक्सर, गोराई या गावठाणांतील मूळ ख्रिस्ती रहिवासी घरात मराठीचीच बोली बोलत. तिच्यात पोर्तुगीज शब्द मिसळलेले, पण अंग मराठीचे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आपण गोव्याहून आलेल्यांहून निराळे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन आहोत, हे सांगण्याचा त्यात हेतू होता. नोकरीचा प्रश्न त्यामागे होता. नोकरीची भाषा इंग्रजी होती. तेव्हा शाळांनी इंग्रजी लादली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. भातशेती आकसत चाललेल्या आईबापांनी ती मागितली. १९५४ मध्ये मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेश अँग्लो-इंडियन व अनाशियाई वंशाच्या मुलांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला, तेव्हा देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरवला. बार्न्स ही कॅथलिक शाळा नव्हे; पण त्या निकालाने ज्यांची दारे उघडी राहिली त्यांत उपनगरांतल्या कॅथलिक शाळाही होत्या, आणि त्या दारांतून आत गेलेल्यांत आपली हिंदू मराठी मध्यमवर्गीय मुलेही होती.

परिणाम असा झाला की, ज्या शाळेने मुलाचे पाय मैदानावर, हात कार्यानुभवात आणि कंठ गायनवृंदात घडवला, तिने त्याची मातृभाषा तिसऱ्या भाषेच्या तासिकेत बसवली. आमच्यापैकी एकाचे शिक्षण उपनगरातील अशाच एका शाळेत झाले. आवारात मराठी बोलल्यास चार आणे दंड होता. तो गोळा करणारा वर्गप्रमुख स्वतः घरी मराठीच बोलणारा असे, आणि दंडाच्या पैशातून वर्षअखेरीस वर्गाला वडे मिळत. त्याच शाळेतील एका शिक्षिकेने, वडिलांची गिरणी बंद पडलेल्या मुलाची फी दोन वर्षे कोणालाही कळू न देता भरली होती, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत घडत. मुलाची काळजी मनापासून होती. त्या मुलात त्याची भाषाही येते, एवढेच तिच्या लक्षात आले नाही.

हे अटळ होते काय? वसईकडे पाहिले तर तसे वाटत नाही. तेथील कॅथलिक समाजाने मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या आणि व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनाही मराठीत आणली. त्याच समाजातून ‘सुवार्ता’ मासिक आणि ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. स्टीफन्स यांचा धागा पूर्ण तुटला नव्हता, हे त्यांच्या लेखनाने दाखवले. उलट बाजूने आपल्या मराठी शाळांकडेही पाहावे. १९२१ मध्ये टिळकांच्या स्मृत्यर्थ निघालेली पार्ले टिळक विद्यालयासारखी शाळा भाषेचे आणि अस्मितेचे बळ घेऊन उभी राहिली. पण आपल्या अनेक मराठी शाळांत चित्रकलेचा तास गणिताला दिला जाई, आणि मागच्या बाकावरील मुलाशी स्वतंत्रपणे दोन शब्द बोलण्यास शिक्षकाला सवड नसे. एकीकडे देहमनाची काळजी आणि भाषेचा विसर. दुसरीकडे भाषेचा अभिमान आणि माणसाचा विसर. पालकांनी पहिली निवडली, यात केवळ इंग्रजीचा मोह होता असे आम्हांला वाटत नाही. आपल्या मुलाला कोणीतरी नावाने ओळखेल, ही आशाही त्यात होती.

३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. आम्ही तुम्हांला न्यायासाठी शिक्षण दिले काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि स्वतःच प्रांजळपणे उत्तर दिले की, नाही. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच शिक्षणाचे ध्येय, असे त्यांनी मांडले. ते काही श्रोत्यांना रुचले नाही. एखादी संस्था आपल्याच यशस्वी विद्यार्थ्यांपुढे असा कबुलीजबाब देते, ही घटना आम्हांला कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा बोलकी वाटते. त्याच धर्तीचा प्रश्न येथे विचारता येईल. शाळेच्या फाटकाबाहेर भाजी विकणारी बाई, वर्गाबाहेर झाडलोट करणारा शिपाई, गावठाणातील आजी यांच्याशी त्यांच्या भाषेत पूर्ण वाक्य बोलता न येणारा विद्यार्थी ‘इतरांसाठी’ कसा जगणार?

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीने तासिका मिळते, जिव्हाळा मिळत नाही. चार आण्यांच्या दंडाने इंग्रजीविषयी प्रेम उपजले नव्हते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. म्हणून कायद्यावर विसंबण्यापेक्षा आम्ही आपल्या वर्गापासून सुरुवात केली. ‘क्रिस्तपुराण’ शिकवताना आता आम्ही प्रथम विचारतो की, कोणाच्या घरी ईस्ट इंडियन बोली बोलली जाते. बहुधा कोणी हात वर करत नाही. तास संपल्यावर मात्र एखादी विद्यार्थिनी टेबलाजवळ येते आणि हळूच सांगते, “सर, माझी आजी असंच बोलते.” तिने शाळेत सर्व काही शिकून घेतलेले असते. ही एवढी गोष्ट मोठ्याने सांगायची असते, हे तिला कोणी शिकवलेले नसते. ते शिकवण्याचे काम आता आमच्याकडे आहे.