रात्रपाळीच्या दवाखान्यातील एका प्रश्नावलीची कुळकथा

नॉर्वेत कुटुंबवैद्यांचे दवाखाने बंद झाल्यावर, म्हणजे संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, 'लेगेवाक्त' नावाच्या केंद्रात तातडीचे प्राथमिक उपचार मिळतात. अशा सात केंद्रांतील आणि सतरा कुटुंबवैद्यकीय दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना २०१२ साली 'सेफ्टी अ‍ॅटिट्यूड्स क्वेश्चनेअर' या प्रश्नावलीची बाह्यरुग्ण सेवेसाठी बेतलेली आवृत्ती भरावयास देण्यात आली. रुग्णाला उपचारातूनच इजा होऊ नये यासाठी एखाद्या ठिकाणी प्रत्यक्षात काय महत्त्वाचे मानले जाते आणि कोणत्या गोष्टीकडे काणाडोळा केला जातो, त्या सामायिक धारणांना रुग्णसुरक्षा-संस्कृती म्हणतात, आणि ती मोजण्याचे हे साधन होते. मात्र त्याचे मूळ रुग्णालयात नसून विमानाच्या कॉकपिटमध्ये आहे.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ इंधन संपून कोसळले आणि त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. चाकांच्या यंत्रणेतील बिघाडाचा उलगडा करण्यात वैमानिक गुंतले असता इंधन घटत गेले, आणि घटत्या इंधनाची जाणीव असलेल्या सहकाऱ्यांना कप्तानाला ते ठामपणे सांगता आले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली होती. उड्डाणाचे कौशल्य असूनही अपघात होतात, कारण दोष माणसामाणसांतील व्यवहारात असतो, हा विचार १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून पुढे आला. आणि टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइक यांनी १९८४ साली वैमानिकांच्या वृत्तींची प्रश्नावली प्रसिद्ध केली. विधान द्यावे आणि उत्तर देणाऱ्याने 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' या पायऱ्यांपैकी एक निवडावी, ही रेन्सिस लायकर्ट यांची १९३२ची रीत तिने वापरली.

'सुरक्षा-संस्कृती' हा शब्दप्रयोग १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर अणुऊर्जेच्या क्षेत्रातून सर्वत्र गेला खरा, पण संज्ञेच्या आधी मोजमापच आले होते, कारण डोव्ह झोहार यांनी इस्रायलमधील कारखान्यांतील 'सुरक्षा-वातावरण' १९८० सालीच मोजले होते.

वैद्यकात वैमानिकांची ही प्रश्नावली अतिदक्षता विभागाच्या वाटेने शिरली. मार्च २०००मध्ये ब्रायन सेक्स्टन, एरिक थॉमस आणि हेल्मराइक यांनी शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभागातील एक हजारावर कर्मचाऱ्यांच्या उत्तरांची तीस हजारांहून अधिक विमान-कर्मचाऱ्यांच्या उत्तरांशी तुलना केली. थकलेलो असतानाही आणीबाणीच्या क्षणी आपले काम नीट होते, असे म्हणणारे वैमानिक २६ टक्के होते, तर वरिष्ठ शल्यचिकित्सक ७० टक्के. या एका आकड्याने नव्या साधनाची गरज जितकी पटवली, तितकी कोणत्याही तात्त्विक विवेचनाने पटवली नसती. पुढे २००६ साली सिद्ध झालेल्या प्रश्नावलीत संघभावना, सुरक्षा-वातावरण, कामातील समाधान, व्यवस्थापनाविषयीचे मत, कामाची परिस्थिती आणि ताणाची जाणीव असे सहा घटक ठरले. प्रत्येक उत्तराला शून्य ते शंभर या मापात गुण देण्यात येतात आणि नकारार्थी विधानांचे गुण उलटवून घेतले जातात. बाह्यरुग्ण विभागासाठीची आवृत्ती २००७ साली आली.

ताणाची जाणीव हा घटक मात्र पुढच्या सगळ्याच आवृत्त्यांत टिकला नाही. इतर पाच घटक आपल्या कामाच्या जागेविषयी विचारतात, तर हा घटक उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या मर्यादांविषयी विचारतो, त्यामुळे त्याची उत्तरे बाकीच्यांशी जुळत नाहीत, असे संख्याशास्त्रीय आक्षेप घेतले गेले. नॉर्वेतील भाषांतरित आवृत्ती पडताळताना, आमंत्रित ५१० जणांपैकी उत्तरे देणाऱ्या २६६ जणांच्या आधारे, जे पाच घटक निश्चित झाले त्यांत तो नाही. स्लोव्हेनियात रात्रीच्या प्राथमिक सेवेसाठी २०१७ साली पडताळलेल्या आवृत्तीतही तो नाही, आणि तेथे 'संवाद' हा वेगळा घटक पुढे आला.

नॉर्वेतील निष्कर्ष पाहता हा घटक वगळणे खटकते. सुरक्षा-वातावरण आणि कामाची परिस्थिती या दोन्ही बाबतींत रात्रीच्या केंद्रांना दिवसाच्या दवाखान्यांपेक्षा कमी गुण मिळाले, आणि केंद्रांत परिचारिकांनी सुरक्षा-वातावरण व समाधान यांना डॉक्टरांपेक्षा अधिक गुण दिले. एकाच छपराखाली काम करणाऱ्या दोन व्यवसायांना तेच ठिकाण वेगवेगळे दिसते, ही बाब केवळ सरासरी सांगितल्यास झाकून राहते. कॉकपिटचे गृहीतक असे की चमू छोटा असतो, एकत्र बसलेला असतो आणि उड्डाणभर तोच राहतो. फिरत्या पाळ्यांवर चालणाऱ्या केंद्रात हे गृहीतक ताणले जाते आणि 'येथे सगळे एकमेकांना साथ देतात' या धर्तीच्या विधानातले 'सगळे' म्हणजे नेमके कोण, हे उत्तर देणाऱ्यालाच ठरवावे लागते. ताणाच्या जाणिवेतला थकव्याचा प्रश्न मात्र चमूवर अवलंबून नसल्याने रात्रपाळीतही तसाच लागू पडतो. तो विचारावयाचा झाल्यास एकत्रित गुणांत न मिळवता स्वतंत्रपणे विचारणे, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो.