उमेदवाराचा धर्म कोण विचारतो?

उमेदवाराची धर्मश्रद्धा पाहून मत द्यावे काय, हा प्रश्न रत्नागिरीच्या माझ्या वर्गात दर निवडणुकीला निघतो. मी १९३७ सालाकडे जातो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे अनंतराव चित्रे या जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर गेले. चित्रे कायस्थ, महाडच्या सत्याग्रहातले. त्यांच्यामागे कुणबी कुळे उभी राहिली. घरी देव पुजणारीच. (भूमिहीनाला बहुधा मतच नव्हते, हेही विसरू नये.) पुढाऱ्याच्या धर्मत्यागाच्या घोषणेपेक्षा खोताची वसुली त्यांना अधिक जाचत होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. श्रद्धा कोणती हे नव्हे, ती कुणाच्या हक्काआड येते काय, एवढेच मतदाराने पाहावे असे मी मानतो.

धर्म विचारला तो कायद्याने. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदू धर्माशी बांधले. शिखांचा समावेश पुढे झाला. १९६२ मध्ये डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव जागेवर निवडून आले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ते बौद्ध झाले म्हणून, ती निवड रद्द ठरवली. पुराव्यात बुद्धाचे चित्र छापलेली लग्नपत्रिकाही होती! लोकांनी दिलेली मते अशी पत्रिकेपुढे हरली. बौद्धांना हा हक्क मिळायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांना राखीव जागेवर आजही उभे राहता येत नाही.