दाढदुखी आणि हास्यवायू

१८०० साली हंफ्री डेव्हीचे नायट्रस ऑक्साइडवरील, म्हणजेच हास्यवायूवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. अक्कलदाढ येताना सुजलेल्या हिरडीने डेव्ही हैराण झाला होता. वायू हुंगला की ठणका ओसरे, अंमल उतरला की परत येई. एकदा तर तो वाढल्यासारखा वाटला. शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडेल, असेही त्याने लिहून ठेवले. तरी पुढची चव्वेचाळीस वर्षे लोक तो करमणुकीसाठीच हुंगत राहिले!

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे असाच एक खेळ झाला. पायाला जखम होऊनही एका माणसाला ती जाणवली नाही, हे होरेस वेल्स या दंतवैद्याने हेरले. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. आम्हाला हे धाडस मोठे वाटते. १८४५ मध्ये बोस्टनच्या प्रात्यक्षिकात मात्र रोगी ओरडला आणि प्रेक्षकांनी वेल्सला लबाड ठरवले. वायूची पिशवी लवकर काढली गेली, असे त्याचे म्हणणे. (वर्गात प्रयोग फसलेल्या शिक्षकांना त्याचे दुःख कळेल.)

अंमल उतरल्यावर ठणका परततो, हे डेव्हीचे निरीक्षण आजच्या भुलेलाही लागू आहे. पुढचे काम शरीराचे. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी होते, ती उघडे हाड झाकते आणि तिच्या आधारानेच जखम भरते. गुठळी निसटली, तर दोन-तीन दिवसांनी असह्य कळा येतात. म्हणून पहिल्या दिवशी चुळा भरायच्या नाहीत, आणि विडी-सिगारेट तर मुळीच ओढायची नाही.