न झालेल्या सामन्याचा निकाल

बडोद्यातील आमच्या वाड्याच्या ओट्यावर उन्हाळ्याच्या रात्री एक वाद हटकून रंगत असे. गामा पहिलवान भर उमेदीत असता, तर आजच्या कोणत्या मल्लाने त्याच्यापुढे पाच मिनिटे तग धरला असता? आजोबांच्या पिढीचा कौल अर्थातच गामाला, तर काकांचा कौल त्यांनी स्वतः पाहिलेल्या मल्लांना. वाद कधीच मिटला नाही, कारण दिवंगत गामा आखाड्यात उतरून पुरावा देणार नव्हता. सेवानिवृत्तीनंतर मुष्टियुद्धाचा इतिहास वाचताना लक्षात आले की, हाच वाद अमेरिकेत एकदा चक्क यंत्रापुढे निवाड्यासाठी ठेवला गेला होता. त्या निवाड्याची हकिगत आपणा इतिहासप्रेमींना विचार करायला लावणारी आहे.

सन १९६७ मध्ये मायामी येथील मरे वोरोनर या नभोवाणी-निर्मात्याने वेगवेगळ्या काळांतील सोळा हेवीवेट जगज्जेत्यांची एक काल्पनिक स्पर्धा योजिली. प्रत्येकाच्या कामगिरीची आकडेवारी आणि जाणकारांची मते संगणकाला पुरवण्यात आली. यंत्राने दिलेल्या निकालाचे धावते वर्णन श्रोत्यांना ऐकवले जाई. अंतिम सामन्यात रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीवर मात केली. मुहम्मद अली मात्र उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. त्याला हरवले ते जिम जेफ्रीज या १९०५ साली निवृत्त झालेल्या योद्ध्याने.

तेव्हाची अलीची खरी अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात दाखल होण्यास नकार दिला. त्याचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले, खेळण्याचे परवाने रद्द झाले आणि न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर होता, पण रिंगणाची दारे बंद होती. एकोणतीस लढती खेळून एकदाही न हरलेला हा माणूस आता एका यंत्राकडून हरल्याचे देशभर ऐकवले गेले. त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि त्यातूनच एका चित्रपटाची कल्पना निघाली. प्रत्यक्ष अली आणि प्रत्यक्ष मार्सियानो यांनी कॅमेऱ्यापुढे लढायचे आणि विजेता संगणकाने ठरवायचा!

सन १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीच्या एका स्टुडिओत हे चित्रीकरण झाले. मार्सियानोने १९५६ मध्ये निवृत्ती घेतली होती. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय, असा त्याचा निष्कलंक हिशेब होता. आता पंचेचाळिशीत त्याने पन्नास-एक पौंड वजन उतरवले, विरळ झालेल्या केसांवर टोप चढवला आणि तो आपल्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, उंच आणि लांब हातांच्या अलीपुढे उभा राहिला. एकेका मिनिटाच्या सत्तरहून अधिक फेऱ्या चित्रित झाल्या, शेवटही एकाहून अधिक घेतले गेले. निकाल कोणता, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मार्सियानोला तो कधीच कळला नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात त्याचा अंत झाला.

२० जानेवारी १९७० रोजी सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत हा सामना दाखवला गेला. अमेरिकेतील प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अली कोसळताना पाहिला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली विजयी ठरला होता! यंत्र एक, योद्धे तेच आणि निकाल दोन. आकडे यंत्राने जुळवले तरी ते पुरवणारा हात माणसाचाच असतो. तक्ते भरण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्या माझ्यासारख्याला हे वेगळे सांगायला नको. सैन्यात जाण्यास नकार देणारा कृष्णवर्णीय जगज्जेता आडवा झालेला पाहण्याची इच्छा तेव्हाच्या अमेरिकेत अनेकांच्या मनात होती. ती इच्छा पडद्यावर पुरी झाली.

दोन काळांची गाठ प्रत्यक्षातही पडली आहे आणि तो इतिहास अधिक करुण आहे. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. त्याला खाली खेचण्यासाठी निवृत्त जेफ्रीजला आग्रहाने परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीज हरला आणि अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळून माणसे मेली. जेफ्रीजने मात्र पुढे मोकळेपणाने कबूल केले की, आपण ऐन भरात असतो तरी जॉन्सन आपल्याला आटोपला नसता. यंत्राने अलीवर विजयी ठरवलेला योद्धा तो हाच. सन १९५१ मध्ये तरुण मार्सियानोने सदतीस वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत लोळवले. लुई हा त्याचा आदर्श. जिंकल्यानंतर मार्सियानोला रडू आवरेना. सन १९८० मध्ये तीच पाळी अलीवर आली. एके काळी त्याच्याच सरावात ठोसे झेलणाऱ्या लॅरी होम्सने त्याला हरवले आणि होम्सच्याही डोळ्यांत पाणी आले. काळ काळाला भेटतो तेव्हा समोरासमोर एक तरुण आणि एक थकलेला माणूस उभा असतो. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न तेथे गैरलागूच ठरतो.

थोरले माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर, महादजी शिंदे आणखी दहा वर्षे जगते तर, असे प्रश्न बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारले जातात. त्यात गैर काही नाही. त्यातून पूर्वजांची आठवण जागी राहते. मात्र आपण दिलेल्या उत्तरात पूर्वजांचे सामर्थ्य किती आणि आपली हळहळ किती, हे तपासून घ्यावे.

कारण १९७० च्या त्या निकालात एक मोठी उणीव होती. यंत्राने अलीला तोलले, तेव्हा त्याचे आयुष्य अर्ध्यावरच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रिंगणात परतला. सन १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे त्याने बलाढ्य जॉर्ज फोरमनचे घाव दोरांना टेकून फेरीमागून फेरी सोसले आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडून गेलेले जगज्जेतेपद परत मिळवले. चपळाईसाठी नावाजलेल्या त्या माणसात एवढी सोशिकता असेल, हे १९६९ सालच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते.