सहीमागची साक्ष

तुकोबांच्या अभंगांवर तुकोबांच्याच काळात डल्ला पडला. सालोमालो नावाचा कोणी त्यांच्या अभंगांतले नाव काढून तिथे स्वतःचे घालत असे. त्याच्यावर संतापून रचलेले अभंग गाथेत आजही वाचायला मिळतात. त्या काळी कवीची सही कागदाच्या तळाशी नसे, ती शेवटच्या चरणात असे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ या नाममुद्रा म्हणजेच त्यांच्या सह्या. पुढे उलटी चोरी सुरू झाली. तुकोबांचे नाव जसजसे मोठे झाले तसतसे भलत्याच रचनांना ‘तुका म्हणे’ चिकटू लागले. मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 ते 1873 या काळात गाथा संपादली, तेव्हा तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग जमले. त्यांतले तुकोबांचे किती, हा वाद अजून शमलेला नाही.

नाममुद्रा पाहून खरेखोटे ठरेना, तेव्हा अभ्यासक वह्यांकडे वळले. देहूच्या देवळात जपलेल्या वहीतले अक्षर खुद्द तुकोबांचे, अशी परंपरा आहे. दुसऱ्या वह्या संताजी तेली जगनाड्यांच्या. चाकणच्या पंचक्रोशीतल्या या टाळकऱ्याने अभंग ऐकून लिहून ठेवले. त्याची समाधी सुदुंबऱ्याला आहे. वि. ल. भाव्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर या वह्यांवरून गाथा छापली आणि तिच्या नावातच ‘अस्सल’ हा शब्द घातला. भाव्यांनी संताजींवर विश्वास ठेवला तो ते कीर्तनात तुकोबांमागे उभे असत म्हणून. लिहिणारा प्रत्यक्ष हजर होता, ही त्या वह्यांची किंमत.

पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या वाकडपासून तासाभराच्या टापूत घडलेली ही गोष्ट सह्या जमवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सही स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. तिच्यामागे कोणीतरी उभे लागते. आपल्याकडच्या सहीचा इतिहास हा या मागे उभे राहणाऱ्यांचा इतिहास आहे.

शिवाजी महाराजांची पत्रे पाहा. ती कारकुनाच्या हातची असत. माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेचा शिक्का. त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. लांब कागद अनेक तुकडे चिकटवून होई, तेव्हा पाठीमागे जोडांवर शिक्के उठवत, म्हणजे मधला तुकडा बदलता येत नसे. पाठीवर दप्तराचे शेरे पडत. खोटी सनद करायची तर नुसता शिक्का कोरून भागत नसे, दप्तरातली नोंदही बनवावी लागे.

गावपातळीवर हेच काम महजर करी. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या येत. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, न्हावी आरसा काढी. नांगराचे चित्र कोणालाही काढता येते. तरी त्या निशाणीला वजन होते, कारण ती उमटताना अख्खे गोत भोवती बसलेले असे.

एवढे असूनही बनावट कागद झालेच. वतनासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडत, आणि जिथे मोल आहे तिथे खोटे आलेच. इतिहासाचार्य राजवाडे 1898 पासून जुने कागद छापू लागले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पुढच्या अभ्यासकांनी कागद पारखण्याची शिस्त घालून दिली. कागद त्या काळचा आहे का, मोडीचे वळण त्या पिढीचे आहे का, मायना लिहिणाऱ्याच्या दर्जाला शोभतो का, तिथी आणि वार जुळतात का. यांपैकी एकाही प्रश्नात सहीच्या देखणेपणाला जागा नाही.

इंग्रजी अंमलात पारख कोर्टात गेली. 1872 च्या पुरावा कायद्याने हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले आणि त्याच्या बरोबरीने आणखी एका माणसाला मान दिला. ज्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिले आहे किंवा ज्याला तिची पत्रे येत असत, त्याचेही मत पुरावा ठरले. 2024 च्या जुलैत लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

सह्या जमवण्याचा छंद मात्र युरोपातला. सोळाव्या शतकात विटेनबर्गचे विद्यार्थी ल्यूथर आणि मेलांख्थॉन यांच्याकडून वह्यांमध्ये चार ओळी लिहून घेत. इंग्रजी शाळा-कॉलेजांबरोबर स्वाक्षरीवही आपल्याकडे आली. गांधीजींनी तिचा उपयोग करून घेतला. सहीसाठी ते पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करत. या काळात खोट्या सहीची धास्ती नव्हती. ज्याची वही, तोच साक्षीदार. सही घेताना तो समोर उभा असे आणि ती विकण्याचा विचारही त्याच्या मनात नसे.

सही विकली जाऊ लागली तेव्हा हे बदलले, कारण विकत घेणारा त्या क्षणी तिथे नव्हता. अमेरिकेत 1990 च्या दशकात हा धंदा इतका फोफावला की एफबीआयला ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवावी लागली. पकडलेल्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा निघाले. त्यानंतर 2001 मध्ये तिथल्या मेजर लीग बेसबॉलने आपली व्यवस्था उभारली. खेळाडू सही करताना नेमलेला माणूस समोर हजर असतो, तो तिथेच क्रमांकाचा होलोग्राम लावतो आणि तो क्रमांक नोंदवहीत जातो. न पाहिलेल्या सहीला तो हात लावत नाही. गोतसभा आणि दप्तर, दोन्ही तिथे नव्याने जन्माला आली.

आपल्या भागात सह्या मिळण्याच्या जागा भरपूर आहेत. गहुंजेचे क्रिकेट मैदान 2012 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात सहकारनगरला सचिन तेंडुलकरांच्या हस्ते ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय उघडले, जिथे खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी मांडल्या आहेत. मुळा ओलांडली की वाकडकरांना बालेवाडीचे क्रीडासंकुल जवळ. 2016 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले. अशा ठिकाणी रांगेत उभे राहायचे सोडून आपण फोनवर ‘सही केलेली बॅट, प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात पाहतो आणि पैसे भरतो. ते प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच छापलेले असेल, तर तो आरोपीने स्वतःसाठी दिलेला जबाब आहे.

थोडी पारख घरीही करता येते. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही. दोन सह्या एकावर एक तंतोतंत बसल्या तर एक गिरवलेली किंवा छापलेली समजावी. खरी सही वेगात होते, तिच्या टोकांना रेघ निमुळती होते. नक्कल करणारा जपून चालतो, म्हणून रेघ थरथरते, मध्येच थांबते, टोके बोथट राहतात. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ती छपाई. शाईलाही वय असते. बॉलपेन बाजारात आले 1940 च्या दशकात, म्हणून 1920 मध्ये निवर्तलेल्या लोकमान्यांची बॉलपेनची सही बघताक्षणी परत करावी. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली जुना म्हणवणारा कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात येऊ लागलेले चमकद्रव्य आहे. हिटलरच्या बनावट रोजनिशा 1983 मध्ये अशाच उघड्या पडल्या.

या खुणा खोटे पकडतात. खरे सिद्ध करायला साक्षच लागते. म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारावे: ही सही कुठे, कधी, कोणासमोर झाली? उत्तर नसेल तर बॅट कितीही स्वस्त असो, घेऊ नये. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि जाहिरातीची, संभाषणाची, पैसे दिल्याची चित्रे जपून ठेवावीत. शरमेने गप्प बसण्यात फायदा फक्त विकणाऱ्याचा.

जे स्वतः सह्या घेतात त्यांनी वहीत सहीशेजारी तारीख, ठिकाण, प्रसंग आणि सोबत कोण होते ते लिहावे. सामन्याचे तिकीट त्याच पानाला चिकटवावे. लेखकाकडून पुस्तकावर आपले नाव आणि दिनांक घालून घ्यावा. अशा प्रतीला दुकानात भाव कमी येईल, पण ती नकलेला सहज वाव देत नाही. संमेलनांच्या आणि सामन्यांच्या संयोजकांनी सहीच्या टेबलाजवळ दिनांकाचा शिक्का घेऊन एक माणूस बसवावा आणि क्रमांकांची नोंदवही ठेवावी. खर्च एका खुर्चीचा आणि एका वहीचा. एवढे केले तर आज घेतलेली सही पन्नास वर्षांनी नातवंडांच्या हाती पडेल, तेव्हा ती खरी आहे हे सांगायला त्यांना कोणा विक्रेत्याचा कागद लागणार नाही.