चार गोलांची नोंद

फुटबॉलचा इतिहास म्हटला की आपण १९११ चा मोहन बागानचा विजय सांगतो, १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स करंडक सांगतो आणि गप्प बसतो. हरणाऱ्या, लहान संघांचे कोणी लिहावयाचे?

इंग्लंडात ते विद्यार्थ्यांनी आरंभिले. वर्तमानपत्रांतल्या गुळमुळीत क्रीडालेखनाला कंटाळून केंब्रिजच्या पोरांनी १९७२ साली ‘फाउल’ नावाचे नियतकालिक काढले. चार वर्षांत ते बंद पडले. पण पुढच्या दशकात खालच्या श्रेणीतल्या क्लबांचे चाहतेसुद्धा आपापली पत्रे काढून मैदानाबाहेर विकू लागले.

कोल्हापुरात तालमींच्या नावाने संघ उतरतात. पाटाकडील आणि खंडोबा भिडले की शाहू स्टेडियम फुलते. त्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तेव्हा ते सर्वत्र छापून आले. त्याच्या मागच्या फळीतल्यांचे काय?

यवतमाळला ती ईर्ष्या नाही. आमच्या शाळेच्या हस्तलिखितात मुले फुटबॉलवर लिहितात खरी, पण मेस्सीवर! यंदा एकाने मात्र गावातलाच सामना घेतला. गोलखांब म्हणून दोन सायकली, पंच आलेच नाहीत, अंधार पडला म्हणून २-२ वर खेळ थांबला. त्या चार गोलांचा दुसरा पुरावा कोठेही नाही. गोल करणाऱ्यांची नावे त्याने नीट लिहिली आहेत. मी शुद्धलेखन तेवढे सुधारले.